डनॉटरच्या दारातून

परत आलेल्या पुस्तकांची पानं चाळायची आणि पेन्सिलीच्या खुणा खोडायच्या, हे अमेरिकेतल्या नेपरव्हिलच्या लायब्ररीत पद्मजाचं रोजचं काम. लोक समासात काय वाट्टेल ते लिहितात. फोन नंबर, वाणसामान... एका गृहस्थाने तर अख्खा राजीनामा लिहून ठेवला होता. पण १९८७च्या जानेवारीत, स्कॉटलंडच्या किल्ल्यांवरच्या एका जाडजूड पुस्तकात तिला जे दिसलं, त्याने तिचं खोडरबर हातातल्या हातातच राहिलं.

'साफ खोटं. लिहिणाऱ्याने तो कडा पाहिलेला नाही.'

चक्क मराठीत लिहिलेलं. इथे हे कोण वाचणार, अशा खात्रीने लिहिणारा मोकळा झाला होता.

पद्मजाने ते खोडलं नाही. पुस्तक टेबलाच्या खणात ठेवलं आणि वाट पाहत बसली. दोन दिवसांनी एक उंच तरुण समोर उभा राहिला. केसांत बर्फ, हातात ओले हातमोजे. अदबशीर इंग्रजीत त्याने तेच पुस्तक पुन्हा मागितलं.

"मिळेल की," ती मराठीत म्हणाली. "पण आधी हे खोडून द्या." तिने खोडरबर पुढे सरकवलं.

त्याचे कान लाल झाले. "तुम्ही... वाचलंत?"

"वाचलं. आणि पटलं नाही. काय खोटं आहे त्यात?"

"म्हणजे आता खोडू, की भांडू?"

"खोडता खोडता भांडा."

तो हसला. आणि आपल्या पद्मजाबाईंच्या काळजाचा एक ठोका तिथेच चुकला, हे सांगून टाकलेलं बरं.

त्याचं नाव श्रीरंग. मूळचा नागपूरचा, तेल कंपनीत इंजिनिअर. ॲबर्डीनमध्ये तीन वर्षं काढून इथल्या ऑफिसात आलेला. डनॉटरचा पडका किल्ला ॲबर्डीनपासून जवळच, भर समुद्रात घुसलेल्या खडकावर. दर रविवारी तो तिथे जात असे. आता दर गुरुवारी, ट्रेनमधून उतरला की, तो लायब्ररीत येऊ लागला.

भांडण होतं ते मुकुटाचं. सव्वातीनशे वर्षांपूर्वी क्रॉमवेलच्या सैन्याने डनॉटरला वेढा घातला, तेव्हा स्कॉटलंडचा राजमुकुट आत लपवलेला होता. किल्ला आज ना उद्या पडणार, हे सगळ्यांना दिसत होतं. अखेर तो पडलाही, पण शत्रूला मुकुट काही सापडला नाही. एक कथा म्हणते, गावच्या धर्मगुरूची बायको किल्ल्यात भेटीला गेली आणि येताना मुकुट कपड्यांत लपवून घेऊन आली. शत्रूच्या सेनापतीने म्हणे तिला घोड्यावर चढायला हातसुद्धा दिला. दुसरी कथा म्हणते, मुकुट मागच्या कड्यावरून दोरीने खाली सोडला आणि समुद्रशेवाळ गोळा करणाऱ्या मोलकरणीने तो टोपलीत घालून नेला. इतक्या उंच कड्यावरून हे शक्यच नाही, असं पुस्तकात छापलं होतं, आणि त्याच ओळीशेजारी श्रीरंगने 'साफ खोटं' लिहिलं होतं.

"दोरीच खरी," श्रीरंग म्हणायचा. "मागून, गुपचूप, कुणाला त्रास नाही. शहाणं माणूस असंच करणार."

"मला दारातून येणारी आवडते," पद्मजा म्हणायची. "पोटात गोळा आला असेल तिच्या. तरी चालत आली ना समोरून?"

"तुम्ही आला असतात?"

"मी?" ती हसून म्हणाली. "मी मॅनेजरकडे सुट्टी मागायची तर आठवडाभर आधीपासून रिहर्सल करते."

हे खरं होतं. म्हणूनच तर पाच गुरुवार गेले तरी मनातलं ओठांवर येईना. तो बोलत राही आणि ती ऐकत राही. वादळात भिंतींवरून उडणारे तुषार. बिनछपराचं स्वयंपाकघर, त्यात वाढलेलं गुडघाभर गवत. राजाची शपथ घेतली नाही म्हणून दीडशेच्या वर बाया-पुरुष एका उन्हाळ्यात कोंडून ठेवले, ते तळघर. मग किल्ल्याचा मालक बंडात सामील झाला, जहागीर गेली, आणि तुळयांपासून छपरावरच्या शिशाच्या पत्र्यापर्यंत नेण्यासारखं सगळं लोकांनी नेलं.

"मग उरलं काय, तुम्हाला आवडण्यासारखं?" तिने एकदा विचारलं.

त्याने पुस्तक मिटलं. "मी तिथे नवीन होतो. कुणी ओळखीचं नाही... सगळ्यांची घरं बंद. आणि याला दारं-खिडक्याच नाहीत. कुठूनही आत जा, कुठेही बस. बरं वाटायचं."

त्या दिवशी घरी जाताना पद्मजा बर्फात दोनदा घसरली.

पद्मजा राहायची ती वसुधामावशीकडे. लायब्ररी सायन्स शिकायला आली आणि मावशीने तिला परत जाऊच दिलं नाही. त्या काळी आपल्या मंडळींत एक रीतच होती. कुणी कुठे फिरून आलं की कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये रविवारी दुपारी स्लाइड शो. प्रत्येकीने एकेक पदार्थ आणायचा, आणि विसाव्या स्लाइडपर्यंत निम्म्या नवऱ्यांनी झोपायचं. मावशीच्या कानावर डनॉटर गेलं आणि श्रीरंगला आमंत्रण गेलं. प्रोजेक्टर अर्थातच पद्मजाकडे.

दिवे मालवायच्या आधी मावशीच्या मैत्रीण सरलाकाकू श्रीखंडाचं पातेलं ठेवता ठेवता म्हणाल्या, "बरं झालं आज ठेवलंस, वसुधा. हा मुलगा परत चाललाय ना स्कॉटलंडला? हे सांगत होते, इथला प्रोजेक्ट कॅन्सल झाला. कंपनीने ॲबर्डीनची ऑफर दिलीय, उद्या आन्सर द्यायचंय त्याला."

पद्मजाने वळून श्रीरंगकडे पाहिलं. उद्या. आणि गेल्याच गुरुवारी तासभर तो समुद्रपक्ष्यांवर बोलत बसला होता.

दिवे गेले. पहिली स्लाइड खटकन पडली. चक्रीत ऐंशी स्लाइड होत्या. ऐंशी झाल्या की दिवे लागणार, लोक कोट घालणार, आणि तो जाणार. बटण तिच्या हातात होतं. एकेक स्लाइड ती जमेल तितकी रेंगाळू देत होती.

"पुढे घे गं," सरलाकाकूंचे नरेंद्रकाका म्हणाले. "हा दगड पाहिला."

धुकं. कडा. कमानीतून दिसणारा करडा समुद्र. श्रीरंग पडद्याशेजारी उभा राहून सांगत होता, पण त्याचा आवाज नेहमीचा नव्हता. मध्येच थांबत होता.

"अरे, पण तू कुठे आहेस यात?" सरलाकाकूंनी विचारलं. "चाळीस झाल्या, एकीत तरी दिसशील की नाही?"

"फोटो काढायला कुणी नव्हतं, काकू."

पद्मजाने पुढची स्लाइड लावली. त्या सगळ्या रिकाम्या फोटोंत परत एकटाच जाऊन बसायला निघाला होता हा माणूस, आणि तिला सांगतही नव्हता. तिला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग.

साठ. सत्तर. ऐंशी. पडदा पांढरा झाला. दिवे लागले. नरेंद्रकाका दचकून जागे झाले आणि टाळ्या वाजवू लागले.

वाट्या फिरत होत्या तेवढ्यात श्रीरंग प्रोजेक्टरपाशी आला. खाली बघत, हळू आवाजात म्हणाला, "पद्मजा... मी तुम्हाला पत्र लिहिणार होतो. तिथे पोचल्यावर."

"का?"

"सांगून काय करणार होतो? नाही म्हटलं तर नोकरी जाते, व्हिसा जातो. हो म्हटलं तर... चार हजार मैल. तुमचं घर इथे, नोकरी इथे. तुमच्या जिवाला घोर कशाला लावू?"

"लागलाय तो," ती म्हणाली. "पाच आठवडे झाले."

त्याने वर पाहिलं. तो काही बोलणार, इतक्यात मावशीने हाक मारली, "पद्मजा, श्रीरंगला वाटी दे गं. तुम्ही दोघं काय कुजबुजताय तिकडे?"

सगळ्यांची तोंडं इकडे वळली. आठ काकू, सात काका. आत्ता गप्प बसलं, वाटी दिली, की सगळं सुरळीत पार पडेल. महिन्याभराने एक निळं एअरोग्रामचं पत्र येईल, जपून लिहिलेलं.

"मावशी," ती म्हणाली. आवाज इतका चिरका निघाला की तिलाच ओळखू येईना. "मला श्रीरंगशी लग्न करायचंय. त्यांना अजून विचारलेलं नाही... आता विचारते."

सरलाकाकूंचा चमचा वाटीत पडला. पद्मजाने श्रीरंगकडे पाहिलं आणि तिचा जीव टांगणीला लागला, कारण तो नुसता बघत होता. एक क्षण. दोन. नाही म्हणणार हा. इतक्या लोकांत. हे देवा, हे आपण काय केलं...

"मी... तीन वेळा ठरवून लायब्ररीत आलो होतो," तो कसाबसा म्हणाला. "विचारायचं म्हणून. आणि तीनही वेळा किल्ल्यावर बोलत बसलो."

"हे उत्तर झालं का?" ती पुटपुटली.

"हो. म्हणजे... हो. हो, पद्मजा. मला करायचंय तुझ्याशी लग्न."

नरेंद्रकाकांनी खाकरून व्यावहारिक प्रश्न काढला. "मग ते उद्याचं? ॲबर्डीनचं काय करणार?"

"ते आम्ही ठरवू, काका," पद्मजा म्हणाली. तिने श्रीरंगच्या कोटाची बाही घट्ट धरली होती. ती सोडायचं तिच्या लक्षातच आलं नाही.

सगळे मावशीकडे बघू लागले. मावशी पातेल्यातलं श्रीखंड उगाचच ढवळत होती. तिचे डोळे भरले होते आणि चेहरा मात्र रागावल्यासारखा होता. शेवटी तिने पळी खाली ठेवली.

"श्रीरंग," ती म्हणाली, "तिकडे थंडी किती असते रे?"

"इथल्यापेक्षा कमी, काकू."

"मग ठीक आहे," मावशी म्हणाली, आणि पदर डोळ्यांना लावला.