चौथ्या मजल्यावरची व्हॅन

"व्हॅन विकतोय मी, आणि येतील ते पैसे सारंगला देतोय," निशिकांत सबनीसांनी मसालेभातावर तूप घेता घेता जाहीर केलं, आणि वाढणाऱ्या लेकीचा, प्रणिताचा हात तिथल्या तिथे गोठला... तुपाची धार मात्र चालूच राहिली, भातावरून ताटात आणि ताटातून टेबलावर आली, आणि वर "अगं, लक्ष कुठाय तुझं?" हेही तिलाच ऐकावं लागलं.

रविवार होता. प्रणिताचा धाकटा भाऊ सारंग आणि त्याची बायको क्षिप्रा सिंगापुरातल्या चोआ चू कांगच्या या फ्लॅटमध्ये जेवायला आले होते. दोघांना नोव्हेनाजवळ एक कॉन्डो, म्हणजे खाजगी संकुलातला महागडा फ्लॅट, आवडला होता आणि पहिला हप्ता जमत नव्हता, हे बाबांच्या कानावर होतं. लेकाची नड आणि घरात पडून असलेली जुनी गाडी, दोन्ही एका झटक्यात मार्गी लागत होतं. घेणारे मिस्टर लिम चार वाजता येणार होते. सगळं ठरलेलं होतं, फक्त प्रणिताला सांगायचं राहिलं होतं, तेही आता झालं.

ती १९७८ सालची कॅम्पर व्हॅन. मागे घडीचा पलंग, बुटकं कपाट, दोन शेगड्यांचा ओटा. तीस वर्षांपूर्वी एका जर्मन कुटुंबाने देश सोडताना ती सबनीसांच्या गळ्यात मारली, तेव्हा बँकेतले सहकारी तिला डबडं म्हणून हसले होते. त्यांतल्याच दोघांनी गेल्या वर्षी फोन करून 'विकणार असलास तर आधी मला सांग' म्हटलं, कारण अशा गाड्यांना अलीकडे भाव चढला होता तो भल्याभल्यांची झोप उडवणारा. जुन्या गाड्यांच्या परवान्यावर वर्षातले पंचेचाळीसच दिवस ती रस्त्यावर काढता येई. ते दिवस बाबा जानेवारीतच वाटून टाकत: नातवंडांचे वाढदिवस, सारंगच्या मलेशियाच्या सहली, स्वतःचे मित्र. प्रणिताला कधी दिवस लागला नाही. म्हणजे तिने मागितला नाही, आणि या घरात न मागणाऱ्याला नको असतं, असा साधा सोपा हिशेब होता!

डबड्याचं सोनं केलं कुणी, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं. आई, सरोजिनीबाई, गेल्या त्या वर्षी प्रणिता सत्तावीस वर्षांची होती. आंग मो किओच्या कारखान्यात इंजिनियर होती, आणि कंपनी तिला बढती देऊन मलेशियात पेनांगला पाठवत होती. बाबा एकटे पडतील म्हणून तिने ती बढती हसत हसत सोडली, दोन स्थळंही त्याच कारणाने गेली. मग त्या रिकाम्या शनिवारांचं करायचं काय? ती इमारतीशेजारच्या बहुमजली पार्किंगच्या चौथ्या मजल्यावर पुठ्ठा अंथरून व्हॅनखाली शिरायला लागली. सुट्या भागांसाठी परदेशात पत्रव्यवहार, गंजलेला पत्रा, उसवलेल्या गाद्या... एकोणीस वर्षं. आईच्या माघारी तिचं मन जिथे निवांत होई, अशी ही जगातली एकच जागा होती, आणि ती आज चार वाजता जाणार होती.

तिने टेबलावरचं तूप पुसलं आणि सगळ्यांना ताक दिलं.

मिस्टर लिम वेळेवर आले. साठीचे, किरकोळ अंगाचे, आणि आल्या आल्या सरळ व्हॅनखाली जाऊन झोपले. बाबा शेजारी उभे राहून रंगात आले होते, "आय लुक्ड आफ्टर हर लाइक अ डॉटर" असं त्यांनी दोनदा ऐकवलं. खरी डॉटर मागे खांबाला टेकून उभी होती.

"अंकल, खालचा पत्रा कधी बदलला?" लिमनी खालूनच विचारलं.

"तो... आम्ही... कधी गं प्रणिता?"

"दोन हजार सतराला. उजवीकडचा आधी, डावीकडचा पुढच्या वर्षी."

लिम बाहेर आले, हात झटकले, प्रणिताकडे जरा जास्तच वेळ बघितलं आणि म्हणाले की किंमत मान्य आहे, नाव आजच बदलून घेऊ.

लिमना घेऊन सगळे घरी आले. बाबांनी चष्मा लावला, सारंगच्या लॅपटॉपवर वाहतूक खात्याच्या वेबसाइटला स्वतःचं लॉगिन केलं. पडद्यावर आलं: या नावावर एकही वाहन नाही. बाबांनी पुन्हा केलं. तिसऱ्यांदा केलं. "यांची वेबसाइट बिघडलीय," ते म्हणाले. त्यांच्या घरी रोड टॅक्स, विमा, पार्किंगची फी, सगळं प्रणिता भरायची, तेव्हा कागदावर नाव कुणाचं, हे बघायची वेळ त्यांच्यावर सोळा वर्षांत आली नव्हती.

"बाबा," प्रणिता हळूच म्हणाली, "ती माझ्या नावावर आहे."

 मग क्षिप्राच्या तोंडून निसटलं, "म्हणजे ताईंनी गुपचूप नावावर करून घेतली?"

"क्षिप्रा, गप्प बस," सारंग म्हणाला, पण बोलायचं ते बोलून झालं होतं.  प्रणिताचे डोळे भरून आले, तरी तिचा आवाज चढला नाही.

"सोळा वर्षांपूर्वी तुमची बायपास झाली, बाबा, तेव्हा तुमच्या नावावर विमा मिळेना. विम्याशिवाय गाडी भंगारात गेली असती. तुम्हीच म्हणालात, तुझ्या नावावर कर."

बाबांनी चष्मा काढला. त्यांना आठवलं... हॉस्पिटलची खाट, हातातली सुई, आणि कागद धरून उभी असलेली ही पोर. "सही मी केली होती," ते सुनेकडे बघत म्हणाले. "मीच केली होती." मग लेकीकडे वळून, "पण मग दुपारी का नाही बोललीस? मी एवढं सगळ्यांसमोर सांगत होतो..."

"तुम्ही वाटणी करत होतात, बाबा. त्यात माझं नाव येतंय का, तेवढं ऐकत होते मी."

 निशिकांत सबनीसांची मान खाली गेली. लेकीच्या हातांकडे त्यांनी बहुधा पहिल्यांदाच नीट पाहिलं. नखांच्या कडेला काळं वंगण होतं, घासून न जाणारं. या हातांनी आपल्याला औषधं दिली, जेवू घातलं, आणि आपण पाहुण्यांपुढे मिरवत राहिलो...  ते लिमकडे वळले आणि इंग्रजीत म्हणाले, "मी तुम्हाला खोटं सांगितलं. सांभाळलं सगळं हिने. मी फक्त चालवली."

मग त्यांनी विचारलं, "प्रणिता, विकायची का?"

साधा प्रश्न. पण शेहेचाळीस वर्षांत तिला त्या घरात तो कुणी विचारला नव्हता, ना पेनांगच्या वेळी, ना स्थळांच्या वेळी. तिच्या ओठांवर सवयीने 'हो' आलंच, कारण समोर सारंग बसला होता, त्याचा कॉन्डो होता, आणि त्याग करायचा म्हणजे तिला काही नवीन शिकायचं नव्हतं. तिने तोंड उघडलं तेवढ्यात सारंगच म्हणाला, "ताई, माझ्याकडे बघून सांगू नकोस. कॉन्डोचं आमचं आम्ही बघू. चुकलंच माझं. मीसुद्धा कधी विचारलं नाही."

प्रणिताने नजर खिडकीकडे वळवली. 

"नाही विकायची," ती म्हणाली, आणि इतका वेळ अडवून धरलेलं रडं एकदम फुटलं. बाबा उठले, तिच्याजवळ आले, डोक्यावर हात ठेवायचा की नाही या विचारात जरा घुटमळले, आणि मग ठेवला. क्षिप्राने जवळ येऊन "ताई, मी तसं बोलायला नको होतं," एवढंच म्हटलं आणि पाण्याचा पेला पुढे केला.

लिम रागावले नाहीत. "नेव्हर माइंड लाह," असं खास सिंगापुरी थाटात म्हणत ते उठले. मन बदललं तर असावं म्हणून त्यांनी खिशातून कार्ड काढलं आणि रिवाजाप्रमाणे घरातल्या वडीलधाऱ्यापुढे दोन्ही हातांनी धरलं.

बाबांनी ते घेतलं नाही.

"हिला द्या," ते म्हणाले. "गाडी हिची आहे."