उरलेल्या दोन टाळ्या

वर्ग शांत करायला मी कधी टेबलावर पट्टी आपटली नाही. मी तीन टाळ्या वाजवून थांबायचे. उरलेल्या दोन टाळ्या मुलांनी वाजवायच्या. पहिलीतली मुलंही हे चटकन शिकतात, आणि मग त्यांना राहवत नाही. शाळा सुटताना मात्र "सुटलात!" म्हणायच्या आधी मी दारातून बाजूला व्हायचे. धावत्या वर्गाच्या वाटेत उभं राहू नये.

निवृत्तीनंतर हे सगळं नातीवर चालवते. समुद्रातल्या गुहा कयाक होडीतून बघायची हौस तिचीच.

"आई, जिना चढताना तुझे गुडघे कुरकुरतात. तू हिला काय सांभाळणार?" लेक म्हणाली.

"कयाकमध्ये बसायचंच तर असतं," मी म्हटलं. "नेते तशी परत आणून देईन."

वाटाड्या उन्हाने रापलेला, हसरा तरुण होता. त्याने आमच्या जॅकेटांचे पट्टे ओढून पाहिले, कपाळाला दिवे बांधले आणि नातीची छोटी कयाक दोरीने स्वतःच्या कयाकला जोडली.

"भरतीचं पाणी चढलं की गुहेचं तोंड बुडतं," तो म्हणाला. "आत रेंगाळायचं नाही."

"ते आजीला सांगा, दादा. ती दगड दिसला की धडा घेते."

गुहेच्या तोंडाशी डोकं गुडघ्याला लावून आत शिरावं लागलं. मागे दार लोटावं तसा लाटांचा आवाज बंद झाला. मग छत उंच उंच गेलं. पाण्याखालच्या कुठल्याशा भगदाडातून ऊन आत येत होतं आणि सगळं पाणी तळापासून निळं उजळलं होतं. वल्ह्यावरून निथळणारा थेंबसुद्धा निळा होता. छतावर तो उजेड संथपणे हलत होता, झोपलेल्या माणसाची छाती हलावी तसा. इतकी वर्षं मी मुलांना समुद्र शिकवला. त्यातलं एकही वाक्य तिथे उपयोगाचं नव्हतं.

"आजी," नात कुजबुजली, "आपण आभाळावर तरंगतोय."

तिने "ओ!" केलं. गुहेने "ओ" केलं. मग धडा झालाच. आवाज भिंतीवर आपटून परत येतो, मी सांगितलं.

"मग प्रतिध्वनी स्वतःचं काहीच बोलत नाही?"

"नाही. आपण दिलं तेवढंच परत देतो."

थोड्या वेळाने तिने हट्ट धरला. "दादा, सोडा ना दोरी. इथे कुठे लाट आहे?"

वाटाड्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

तिने ऐटीत एक गोल फेरी मारली. तेवढ्यात पाणी आवाज न करता फुगलं. आम्ही सगळे वर उचलले गेलो, खाली आलो. निळा उजेड मंदावला. मी मान वळवली तर नात नव्हती. तिच्या जागी मागच्या भिंतीतली काळी फट दिसत होती.

वाटाड्या फटीत शिरला आणि लगेच मागे आला. "आत वाटा फुटतात. तिचा दिवा दिसत नाही."

मी हाक मारली. माझीच हाक चारही बाजूंनी माझ्यावर आली.

"हाका नको, आजी! तिला दिशाच कळणार नाही."

भिंतीवरची शेवाळाची रेघ पाण्याखाली गेली होती. वाटाड्या बाहेरच्या तोंडाकडे पुन्हा पुन्हा बघत होता. नेते तशी परत आणून देईन, असं मी लेकीला म्हटलं होतं.

आणि माझ्या हातांनी आपणहून तीन टाळ्या वाजवल्या.

आतून दोन आल्या.

अचूक. ओल्या, लहान हातांच्या.

मी पुन्हा तीन वाजवल्या. पुन्हा दोन, जरा जवळून.

तिसऱ्या वेळी त्या एका मुलाच्या वाटल्या नाहीत. भरल्या वर्गाच्या वाटल्या.

मी थांबले नाही.

फटीतून छोट्या कयाकचं टोक आलं. मागोमाग नात आली, विझलेला दिवा कपाळावर घेऊन.

वाटाड्याने तिची दोरी पुन्हा जोडली. छत डोक्याला घासत आम्ही बाहेर पडलो.

किनाऱ्यावर मी तिला टॉवेलात गुंडाळून घट्ट धरलं. "शहाणी माझी ती. टाळ्या बरोबर वाजवल्यास."

"मी कुठे? माझ्या दोन्ही हातांत वल्हं होतं." ती मुळीच घाबरलेली नव्हती. "त्या माझ्या पुढे वाजायच्या. जिकडे वाजतील तिकडे मी वळायचे. खूप जण होते, आजी."

दोरी गुंडाळणारा वाटाड्या थांबला.

"आत आणखी कुणाची सहल होती का रे?" मी विचारलं.

त्याने नकारार्थी मान हलवली. गुहेचं तोंड आता दिसत नव्हतं. तिथे सपाट पाणी होतं.

"तू त्यांना सुटलात म्हणालीच नाहीस," नात म्हणाली.

खरंच होतं. टाळ्या वाजवून गप्प बसवलेला वर्ग मी तसाच सोडून कधी घरी गेले नव्हते. मी पाण्याच्या कडेपर्यंत गेले. आवाज चढवावा लागला नाही.

"सुटलात."

क्षणभर काहीच नाही. मग त्या सपाट पाण्याखालून, लांबून, तो आवाज आला. दारापाशी उभी राहून मी जन्मभर ऐकलेला. आधी एक जोडी पावलं, मग सगळी एकदम. पायांखालची ओली वाळू थरथरू लागली.

नातीने माझी बाही ओढली.

"आजी, बाजूला हो ना. वाटेत उभी आहेस."