किमान वाट

अभिनंदन मगदूम आहेत की गेले, हे संध्याकाळी ठरणार होतं. श्वास व्यवस्थित चालू होता, पण त्या काळात नुसत्या श्वासाला कोणी विचारत नसे. मेंदूत बसवलेल्या ‘सेतू’ने उत्तर आणलं, तरच माणूस आत आहे असं धरत. नाहीतर बाकीची यंत्रं थांबवत.

त्यांच्या पत्नी पद्मजाकाकू इस्पितळात खाटेशी बसून सकाळपासून एकच प्रश्न विचारत होत्या. “अहो, मला ओळखलंत का?” पडद्यावर दर वेळी तेच उमटे: उत्तर नाही.

“हे यंत्र वाट तरी किती पाहतं गं?” त्यांनी डॉ. नाझनीन मुजावरला विचारलं. सेतू बनवणाऱ्यांपैकी ती एक. ती त्यांच्याशेजारी बसली.

“काकू, सेतू तुमचा प्रश्न मेंदूत पाठवतो. उत्तर आलं नाही, तर प्रश्न वाटेत हरवला असं समजून पुन्हा पाठवतो. पाचदा झालं की दार बंद. मध्ये किती थांबायचं, हे तो माणसाच्या वेगावरून शिकतो. शिकेपर्यंत कमीत कमी तीन सेकंद थांबतो. त्याला आम्ही किमान वाट म्हणतो.”

“मग ह्यांचा वेग शिकला का तो?”

“पहिल्याच हाकेला उत्तर आलं, तर शिकतो. दोन-तीन हाका गेल्यावर आलं, तर ते नेमकं कुठल्या हाकेचं हे कळत नाही. म्हणून ते उत्तर तो वेग मोजायला धरतच नाही. म्हणजे...” नाझनीन थांबली. म्हणजे सावकाश माणसाचा वेग यंत्र कधीच शिकणार नव्हतं.

काकूंना इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसू आलं. “तीन सेकंद? अगं, मला बघायला आले, तेव्हा मामांनी विचारलं, मुलगी पसंत आहे का? पोहे झाले, चहा झाला, मंडळी चपला घालून फाटकापाशी गेली, तेव्हा हे म्हणाले, हो!”

पुढे संसारातही तीच तऱ्हा. आमटी कशी झाली, याचं उत्तर हात धुतल्यावर यायचं. काकू आधी चिडायच्या, मग एकदा विचारून आपल्या कामाला लागायला शिकल्या. आज मात्र भीतीने त्याही यंत्रासारखीच घाई करत होत्या.

नाझनीनने किमान वाट तासाभराची केली. काकूंनी एकदाच विचारलं आणि मोसंबं सोलायला घेतलं. साल निघाली, फोडी झाल्या, बिया निघाल्या. पडदा कोराच.

“काकू, पुन्हा एकदा...”

“नको. ऐकलंय त्यांनी.”

आणि पडद्यावर अक्षरं उमटली. *ओळखलं. किती वेळा विचारशील?*

काकू नवऱ्याच्या हातावर कपाळ टेकून रडल्या. नाझनीननेही डोळे पुसले. सगळ्या हाका त्यांच्यापर्यंत पोचत होत्या. उत्तर निघायचं, तोवर यंत्राने दार लावलेलं असायचं.

काकूंनी मोसंब्याची फोड तिच्या हातावर ठेवली. त्यांची नजर समोरच्या खाटेकडे गेली. तिथे नवी चादर घातली होती. तिथल्या चिकोडे गुरुजींची यंत्रं सोमवारी थांबवली होती, पाच हाकांनंतर, नियमाप्रमाणे. नाझनीननेच.

“त्यांनाही वेळ लागायचा का गं उत्तर द्यायला?” काकूंनी सहज विचारलं.

नाझनीनने ते कोणाला विचारलंच नव्हतं.