फक्कीचं घर

आम्ही चुन्याची फक्की आणायला गेलो, तिथून हे सुरू झालं. मी आणि मुलगा. दुकानदाराने पिशवी बांधता बांधता विचारलं, "मैदान आखायचंय का?" मुलगा म्हणाला, "नाही, घर आखायचंय." दुकानदार हसला, मीही हसलो. हे मुद्दाम सांगतो, कारण हल्ली मुलगा म्हणतो की बाबांच्या मनात पहिल्यापासूनच काहीतरी होतं. नव्हतं. मला पुष्कळ गोष्टींची भीती वाटते. गॅस चालू राहिला असेल याची, छातीत डावीकडे दुखण्याची, टेलिफोन अवेळी वाजण्याची. पण फक्कीची भीती वाटावी असं काही तोवर घडलं नव्हतं.

मी आयुष्यभर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलं. त्यामुळे कुठलीही हकिकत सांगताना तिच्यातली भोकं मला आधी दिसतात. हिच्यातलीही दिसतात. तुम्हाला दिसली तर मला मधेच थांबवा. खरंच थांबवा, मला बरंच वाटेल.

घर आमचं आम्ही बांधत होतो. सगळा जन्म भाड्याच्या खोल्यांत गेला, दुसऱ्यांनी ठोकलेल्या खिळ्यांना आम्ही कपडे अडकवले. तेव्हा हे घर आमच्या मापाचं व्हावं असं सगळ्यांनाच वाटत होतं. कागदावरचा नकाशा मात्र माझ्याशिवाय कुणालाच कळेना. म्हणून मी सुचवलं की पाया खणण्याआधी मोकळ्या प्लॉटवर अख्खं घर फक्कीने खऱ्या मापात आखू आणि एक संध्याकाळ त्यात राहून बघू. नियम एकच होता. भिंतीवरून पाय टाकायचा नाही, ये-जा दारातून करायची.

फार मजा आली. ही स्वयंपाकघरात उभी राहून हात पसरत होती. "अहो, इथे फ्रिज उघडला की माझी पाठ भिंतीत जाते!" सून ओरडली, "आई, आणखी मागे सरकू नका, बाथरूममध्ये जाल, आणि आत हे आहेत." मुलगा खरंच तिथे डोक्यावर हात ठेवून आंघोळीची नक्कल करत होता. नात, तिला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण एका जागी कधी ठरत नाही, ती दारादारातून गरगरत होती आणि कुणी रेघेवर पाय दिला की किंचाळत होती, "आजोबा, भिंत मोडलीस तू!"

राहता राहिली पाहुण्यांची खोली. ती पुढच्या दाराला लागूनच ठेवली होती. आता ती तपासायची तर पाहुणा हवा. मुलगा म्हणाला, "मी ओला आहे." सून म्हणाली, "मी पोळ्या करतेय." तेव्हा भिंगरी म्हणाली,

"पाहुणे आलेत की. कधीचे दारात उभे आहेत."

सगळे हसले. मी पुढच्या दाराशी गेलो, म्हणजे फक्कीच्या रेघेत जिथे मोकळी जागा सोडली होती तिथे, आणि नमस्कार केला. "या, या. फार वेळ उभं केलं तुम्हाला." मी अंग चोरून त्यांना वाट दिली, त्यांच्या खोलीत नेलं, बसवलं. नाटकात एकदा शिरलो की मला थांबता येत नाही. मी म्हणालो, "हे घर तुमचंच समजा. हवे तितके दिवस राहा." भिंगरीने थर्मासमधलं पाणी पेल्यात ओतून त्या खोलीत जमिनीवर ठेवलं.

अंधारून आलं तशी आम्ही सामान आवरलं. पेला उचलताना ही म्हणाली, "हे अर्धं कुणी प्यायलं? उष्टं ठेवायची कुणाची सवय आहे ही?" मी नाही, मी नाही, असं सगळेच म्हणाले. तिने उरलेलं पाणी मातीवर ओतलं आणि आम्ही परत आलो.

पाहुण्यांना या म्हटलं होतं. त्यांना निरोप द्यायचं राहून गेलं, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. येणार तरी कसं?

मग बांधकाम सुरू झालं आणि कुठल्याही घराचं होतं तसं आमच्याही घराचं झालं, कागदावर एक आणि जागेवर दुसरं. पाण्याची लाइन आडवी आली म्हणून पुढचं दार घराच्या दुसऱ्या अंगाला गेलं. पाहुण्यांची खोली हवीच कशाला, येतं कोण आपल्याकडे, असं सून म्हणाली, आणि ते खरंच होतं. ती खोली आणि तिथला प्रवेश मिळून भिंगरीची ऐसपैस खोली झाली. जिथे दार राहणार होतं तिथे सलग भिंत उभी राहिली.

त्या खोलीचं प्लास्टर चाललं होतं तेव्हा मिस्त्री मला म्हणाला, "साहेब, माझी माणसं इथे डबा खायला बसत नाहीत. सावली हीच बरी, तरी उन्हात जाऊन बसतात."

"का बरं?"

"कुणीतरी आधीच बसलंय असं वाटतं म्हणे. कामचुकार आहेत, दुसरं काय!"

मी कुणाला बोललो नाही. बोलण्यासारखं होतं तरी काय?

राहायला गेलो. रंगाचा वास, नव्या लाकडाचा वास, दारं अजून घट्ट बसत होती. आणि त्या सगळ्या वासांखाली भिंगरीच्या खोलीत एक वेगळा वास, ओल्या चुन्याचा. मी खिडक्या उघडायला लावल्या. दुपारी घर शांत असलं की त्या खोलीतून सारखं काहीतरी ऐकू यायचं. आवाज म्हणावा असं नाही. परक्या घरात माणूस जसा बेताने हालचाल करतो, खुर्ची ओढत नाही, उचलून ठेवतो, तसं काहीतरी. मी आत डोकावायचो तर खोली रिकामी. टेबलावर पेला. पाणी अर्धं.

"भिंगरी, पाणी संपवत जा ना."

"माझं नाहीये ते, आजोबा. तुला माहितीये."

तिला मी उशिरा निरखलं. ती पलंगाच्या अगदी कडेला, भिंतीला चिकटून झोपायची. एवढा रुंद पलंग, आणि पोर पाल बसावी तशी भिंतीला. डोळ्यांखाली काळं आलेलं. गरगर फिरणारी मुलगी दिवसदिवस पायरीवर बसून राहू लागली. डॉक्टर म्हणाले, नवी जागा आहे, रुळेल. मी तिला विचारलं, "अशी कडेला का झोपतेस गं?"

"ते मधे झोपतात," ती म्हणाली. "ते आधी आलेत ना. तूच म्हणालास त्यांना, हवे तितके दिवस."

मी संध्याकाळी मुलाला सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग तो हळूच म्हणाला, "बाबा, तिच्यासमोर असलं बोलू नका."

"अरे, मी नाही बोललो. ती बोलली."

"परवा तुम्ही चष्मा डोळ्यांवर ठेवून चष्मा शोधत होतात. मी काही म्हणालो का? पण ती लहान आहे, बाबा... वाळत चाललीय ती."

ही मधे पडली, "अरे, त्यांना कशाला बोलतोस? त्यांचं मन मुळातच भित्रं आहे." आणि माझ्या ताटात भाजी वाढली. माझी बाजू घेतली होती तिने. मी खाली मान घालून जेवलो. मुलाचं चुकत नव्हतं. माझ्याच एखाद्या विद्यार्थ्याने असला युक्तिवाद लिहिला असता तर मी लाल पेन्सिलीने काट मारली असती. पण त्याच्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत होतो. पोर वाळत होती.

मग मी माझ्या परीने विचार केला. पाहुणा असेल तर त्याला निरोप देता येतो. पाहुणा नसेल तर रिकाम्या खोलीला नमस्कार करून म्हाताऱ्याचं काही बिघडत नाही. दोन्ही बाजूंनी बिनचूक वाटलं मला ते.

एका तिन्हीसांजेला तिघं बाहेर गेली होती. घरी मी आणि भिंगरी. त्यातच वीज गेली. मी मेणबत्ती लावली आणि तिच्या खोलीच्या दारात उभा राहिलो. चुन्याचा वास इतका होता की घसा खवखवला.

"चला," मी म्हणालो. माझाच आवाज मला ओळखू येईना. "आता... बरेच दिवस झाले. तुमच्या घरचेही वाट बघत असतील."

पलंग किंचित करकरला. माणूस उठताना करकरतो तेवढाच.

मी पुढे, मेणबत्ती धरून. मागे वळून पाहिलं नाही. बैठकीतून जाताना भिंगरीने माझा सदरा धरला आणि पुटपुटली, "आजोबा, ते भिंतीकडे बघतायत. त्यांचं दार तिकडे होतं."

"दार हलवलं आम्ही," मी मोठ्याने म्हणालो. "इकडून... इकडून या."

पुढचं दार उघडलं. वारा अजिबात नव्हता. तरी मेणबत्तीची ज्योत एकदा बाहेरच्या अंगाला लवली आणि तशीच राहिली. कुणी उंबऱ्यावर थांबावं तशी. निघता निघता दारात बोलत उभे राहतात ना लोक, तसं. मी हात जोडून उभा.

"ते म्हणतायत," भिंगरी म्हणाली, "आता तुम्ही या आमच्याकडे."

मला इतकं हलकं वाटलं, निघालेत एकदाचे! तोंडात बसलेले शब्द आपसूक बाहेर पडले. प्रत्येक पाहुण्याला दारात म्हणतो तेच.

"येऊ की! नक्की येऊ. आधी भिंगरीला पाठवतो."

ज्योत सरळ झाली.

त्या रात्री भिंगरी पलंगाच्या मधोमध हातपाय पसरून झोपली. पुढे तिला भूक लागू लागली, ती पुन्हा गरगरू लागली. चुन्याचा वास गेला. सून म्हणाली, "बघा, रुळली की नाही?" मुलगा माझ्याशी जास्त प्रेमाने वागू लागला. मीही ठरवून टाकलं की तो म्हणतो तेच खरं. माणसाला बरं वाटलं की कारणांची फार गरज लागत नाही.

मग एका दुपारी मिस्त्री गच्चीतली गळती बघायला आला. वरून खाली येत म्हणाला, "साहेब, बाजूला आणखी बांधकाम काढताय होय? मला बोलला नाहीत."

"कुठे?"

"लाइन मारलीय की."

भिंगरीच्या खोलीच्या भिंतीपलीकडे मोकळी जागा आहे. मी फिरून तिकडे गेलो. जमिनीवर पांढऱ्याशुभ्र, ताज्या रेघा होत्या. खोल्या, त्यांना जोडणाऱ्या वाटा, पुन्हा खोल्या. इतक्या नेटक्या रेघा मला आखता आल्या नव्हत्या. सगळं घर आमच्या भिंतीला लागून होतं आणि त्याच्या दारासाठी रेघेतली मोकळी जागा बरोबर तिथे सुटली होती जिथे आमचं पहिलं दार राहणार होतं.

आतल्या एका खोलीत भिंगरी मांडी घालून बसली होती. दोन्ही हात ओंजळीसारखे धरले होते, पेला धरावा तसे. समोर बघून मान डोलावत होती.

"भिंगरी, ये इकडे."

"थांब ना, आजोबा," ती हसून म्हणाली. "मी पाहुणी आहे."

मला धावत जाऊन तिला उचलायचं होतं. पण खरं सांगतो, रेघ ओलांडायला माझा पाय उचलेना. मी भिंतीला घासत दारापर्यंत गेलो, तिथून आत गेलो, कोपऱ्याकोपऱ्याने वळलो. एका वळणावर ती पाठमोरी दिसली आणि मधे थोडा वेळ दिसेनाशी झाली. उघड्या जमिनीवर, लख्ख उन्हात. ती कशाआड गेली होती, ते मला आजही सांगता येत नाही. मग समोरच उभी होती. मी तिचा हात धरला आणि त्याच दारातून तिला बाहेर आणलं. हात गार होता. बोटांना फक्की लागली होती.

मिस्त्रीने माझ्या सांगण्यावरून पाणी मारून रेघा धुऊन टाकल्या. मुलाला मी काही सांगितलं नाही. मिस्त्रीही बोलला नसावा.

घरात सगळे खूश आहेत. भिंगरी शहाणी झालीय म्हणतात. पायातलं काढून कडेला नीट लावून ठेवते. खुर्ची ओढत नाही, उचलून ठेवते. मला आता अहो-जाहो करते. सुनेला त्याचं फार कौतुक आहे. पलंगाच्या मधोमध झोपते. आणि तहान लागली की स्वयंपाकघराच्या दाराबाहेर थांबून विचारते, "थोडं पाणी मिळेल का?"

काल तिन्हीसांजेला ती माझ्यासमोर बसून पाणी पीत होती. तेवढ्यात तिच्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीवर टकटक झाली. अगदी खाली, लहान मुलाचा हात पोचेल तिथे. थांबली, पुन्हा झाली. घाईने, दोन्ही हातांनी.

मी उठू लागलो. समोरच्या मुलीने पेला खाली ठेवला. पाणी अर्धं होतं. तिने त्यावर नीट झाकण ठेवलं आणि माझ्याकडे बघून समजुतीच्या आवाजात म्हणाली,

"बसा हो. तिकडे आता दार नाही."