काचेवरचा अंगठा

रस्त्यावरून गाडी गेली की लोक तिचा रंग बघतात, नाहीतर आत कोण बसलंय ते बघतात. ती दिवे बघायची. पुढचे दोन, मागचे दोन, कडेचे पिवळे... एखादा विझलेला दिसला की तिला चैन पडत नसे. गाड्यांच्या वायरिंगच्या दुकानात रांगायला शिकलेली मुलगी, तिला दुसरं काय दिसणार म्हणा!

त्या बुधवारी सकाळी ती दुकान उघडायला पायीच निघाली होती. सिग्नलला एक जुनी निळी गाडी थांबली आणि तिचा मागचा डावा दिवा पेटलाच नाही. तिने मागचापुढचा विचार न करता चालकाच्या काचेवर टकटक केलं. काच खाली आली. आत एक तरुण होता, बाहीच्या घड्या नीट घातलेल्या, चष्मा मात्र नाकाच्या शेंड्यावर.

"तुमचा मागचा डावा दिवा गेलाय."

"अरेरे," तो शांतपणे म्हणाला. "कुठे गेला?"

तिला हसू आलं, आणि ते दाबता दाबता सिग्नल सुटला. मागच्या गाड्या भोंगे वाजवायला लागल्या.

"पुढच्या चौकात डाव्या हाताला दुकान आहे," ती घाईने म्हणाली. "तिथे सापडेल."

ती दुकानाशी पोचली तेव्हा निळी गाडी कुलूपबंद शटरसमोर आधीच उभी होती.

दिवा बदलायला दहा मिनिटं पुरली. डिकी उघडून तिने होल्डर फिरवून बाहेर काढला, काळवंडलेला बल्ब दाबून वळवला, नवा बसवला. मग गाडीच्या मागे उभी राहून ती म्हणाली, "ब्रेक दाबा." त्याने दाबला. "सोडा." त्याने सोडला. "पुन्हा दाबा." असं चार वेळा झालं. दोनदा पुरलं असतं, हे तिला माहीत होतं. आरशातून तो लाल उजेडात उभ्या असलेल्या तिच्याकडे बघतोय, हेही तिला माहीत होतं.

चष्म्याच्या दुकानात तो लोकांचे डोळे तपासायचा. गाडी आत्याची. तिने आता चालवणं सोडलं होतं आणि भाच्याला किल्ली देऊन टाकली होती. आत्याने बारा वर्षांत इंजिनाची काळजी घेतली होती, दिव्यांकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. नंबरप्लेटचा दिवा बंद, पुढचा एक इंडिकेटर बंद, छताचा बंद, डिकीतला बंद. हेडलाइट लागायचे, पण तेही म्हाताऱ्या माणसासारखे पिवळट. तिने कागदावर यादी करून दिली आणि संध्याकाळपर्यंत सगळं करून देते म्हणाली.

त्याने यादी दोनदा वाचली. "एकदम नको," तो म्हणाला. "बुधवारी मला सुट्टी असते. दर बुधवारी एक करू. आणि मला शिकवा... म्हणजे पुढे तुम्हाला त्रास नको."

गल्ल्यामागे बाबा बल्बांच्या पेट्या लावत बसले होते. त्यांनी मान वर केली, मुलीकडे पाहिलं, गिऱ्हाइकाकडे पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली.

असे बुधवार सुरू झाले.

नंबरप्लेटचा दिवा त्याने स्वतः बसवला आणि एखादा किल्ला सर केल्यासारखा हात झटकत उभा राहिला. इंडिकेटरच्या वेळी त्याने स्क्रू हरवला. मग दोघं गाडीखाली वाकून शोधत राहिले. तो स्क्रू शेवटी त्याच्याच खिशात निघाला. डिकीतला दिवा त्याच्या पुढच्या बुधवारी बिनतक्रार लागला. छताच्या दिव्याच्या बुधवारी बाहेर पाऊस भुरभुरत होता. दोघं पुढच्या सीटवर माना वर करून बसले होते. तिने प्लास्टिकचं झाकण पातळ पट्टीने अलगद उचकटलं आणि आतला बोटाएवढा नळीसारखा बल्ब दाखवला.

"हा इतका लहान?" तो म्हणाला.

"आतल्या दिव्याला मोठं असून काय करायचं? शेजारी बसलेलं माणूस दिसलं म्हणजे झालं."

बोलून झाल्यावर तिला कळलं आपण काय बोललो ते. तिने तो बल्ब विनाकारण दोनदा काढून पुन्हा बसवला. त्याने चष्मा काढून पुसला... जो आधीच लख्ख होता.

त्या संध्याकाळी बाबा शटर ओढताना म्हणाले, "एक गोष्ट लक्षात आली का तुझ्या? या दुकानात पायरी चढणारा प्रत्येक जण तुला ताई म्हणतो. अगदी माझ्या वयाचे लोकसुद्धा म्हणतात. हा चष्मेवाला पाच आठवडे येतोय, पण ताई म्हणायचं नाव नाही."

"काय म्हणतो मग?"

"काहीच म्हणत नाही. 'अहो'वरसुद्धा येत नाही. सरळ वाक्याला सुरुवात करतो. बरीच कसरत आहे हो त्याची."

तिने पाठ फिरवून पेट्या मोजायला घेतल्या. बाबांच्या डोळ्यांना हल्ली बारीक अक्षरं दिसत नव्हती, पण बाकी सगळं दिसत होतं.

शेवटी हेडलाइट उरले. तो आला तेव्हा नेहमीसारखा हसला नाही. आज दोन्ही करून टाकू, म्हणाला. त्याच्या मालकांनी दूरच्या गावात नवी शाखा काढली होती आणि ती याच्या हाती द्यायचं चाललं होतं. महिनाअखेरीला निघायचं होतं, म्हणजे दहा दिवसांनी. अजून हो म्हटलेलं नाही, पण नाही म्हणायला काही कारणही नाही, असं तो बॉनेटकडे बघत म्हणाला.

"लांबचा रस्ता आहे," तो म्हणाला. "सगळे दिवे लागलेले बरे."

"बरेच," ती म्हणाली.

दुसरं काय म्हणायचं असतं अशा वेळी? तिने नव्या बल्बांची खोकी फोडली. हेडलाइट जोडीने बदलायचे, हा त्यांच्या दुकानाचा नियम. एक गेला की दुसरा फार दिवस काढत नाही. आणि दुसरा नियम त्याहून कडक होता. या बल्बच्या काचेला बोट लावायचं नाही. बोटाचं तेल काचेवर राहतं, दिवा तापला की तेवढीच जागा जास्त तापते, आणि वर्षानुवर्षं टिकणारा बल्ब अवेळी उडतो. चिमटीत धरायचा तो बुडाशी, नाहीतर कापडात. हे तिने त्याला दुसऱ्याच बुधवारी सांगितलं होतं. तो म्हणाला होता, आमच्याकडेही तसंच, भिंग कडेनेच धरायचं.

डावा बल्ब तिने कापडात धरून बसवला. उजवा हातात घेतला. तो यादीवर शेवटच्या ओळीवर काट मारत होता. आणि तिने त्या नितळ काचेवर अंगठा ठेवला. चुकून लागला नाही, ठेवला. दाबून, चांगला ठसा उमटेल असा. मग बल्ब बसवला, तार लावली, बॉनेट आदळलं.

दोन्ही दिवे लख्ख पेटले. त्याने हात पुढे केला, तिने काळे झालेले हात दाखवून मान हलवली, आणि निळी गाडी गेली. उजवा दिवा उडेल तेव्हा तो परत येईल, असं ते साधं गणित होतं.

पण त्या गणितात रस्ता धरायचा राहिला होता, आणि तो तिला दुसऱ्या दिवशी आठवला. दूरच्या गावाचा, अंधाराचा, वळणांचा. एक हेडलाइट गेलेली गाडी समोरून येणाऱ्याला मोटारसायकल वाटते. तो आपला निवांत अंगावर येतो. हे ती स्वतःच गिऱ्हाइकांना बजावून सांगायची. आणि आता जो माणूस तिला जगात सगळ्यात जास्त हवा होता, त्याच्याच गाडीत तिने तसला बल्ब बसवून दिला होता. तिला स्वतःची लाज वाटली. फोन तिने सात वेळा हातात घेतला. काय सांगणार होती? मी मुद्दाम केलं? मग तो का म्हणून विचारणार.

पुढच्या मंगळवारी तिने एका गिऱ्हाइकाला इंडिकेटरऐवजी ब्रेकचा बल्ब दिला. बाबांनी तो परत घेतला, बदलून दिला, गिऱ्हाईक गेल्यावर खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले.

"काय झालंय?"

तिने सांगितलं. अंगठ्यापर्यंत सगळं. बाबांचा चेहरा उतरला. तीस वर्षांत या दुकानातून तसला बल्ब गेला नव्हता. रागावतील असं वाटलं होतं, रागावलेही असावेत, पण बोलले ते हळूच.

"माणूस थांबवायचा असेल तर त्याला थांब म्हणावं, बाळा. त्याचा दिवा घालवू नये."

मग स्वतःच उठून त्यांनी फळीवरून नव्या बल्बांची जोडी काढली आणि तिच्या हातात ठेवली.

चष्म्याच्या दुकानात दुपारची सामसूम होती. निळी गाडी बाहेरच उभी होती. ती आत शिरली तसा तो काउंटरमागून उठला, इतका भरकन की दोन चौकटी खाली पडल्या. ती काही बोलणार तेवढ्यात आतून मालक आले. गिऱ्हाईक का, म्हणाले. ती घाबरून हो म्हणाली. डोळे तपासायचेत का? त्यालाही हो म्हणाली. झालं, पुढच्या मिनिटाला ती आतल्या अंधुक खोलीत उंच खुर्चीवर बसली होती आणि तो तिच्या नाकावर जड, गोल चौकट चढवत होता. त्याची बोटं तिच्या कानामागे जरा जास्त वेळ रेंगाळली. कदाचित तशीच पद्धत असेल.

"समोरची ओळ वाचा."

तिने वाचली.

"आता सांगा, कोणतं स्पष्ट दिसतं? हे एक..." त्याने भिंग बदललं, "...की हे दोन?"

"मी काचेला हात लावला होता," ती म्हणाली.

भिंग त्याच्या हातात तसंच राहिलं.

"उजव्या दिव्याच्या. मुद्दाम लावला. तो उडेल आणि तुम्ही परत याल म्हणून. फार वाईट केलं मी. तुम्ही रस्त्यात असताना गेला असता तर... मी नवी जोडी आणलीय. आत्ता बदलते आणि जाते."

चौकटीतून तिला त्याचा चेहरा धूसर दिसत होता आणि तो हसतोय की रागावलाय ते कळत नव्हतं. तपासायच्या खुर्चीत बसून माणूस इतका आंधळा व्हावा, ही तिची शिक्षाच होती.

"तो बल्ब उडणार नाही," तो म्हणाला. "मी पुसला."

"काय?"

"दुसऱ्या दिवशीच. बल्ब आत जाताना काचेवर काहीतरी चमकलं होतं. दिवसभर मी दुसरं करतो काय, लोकांच्या काचांवरची बोटं शोधतो. सकाळी काढला, स्पिरिट लावून पुसला, कापडात धरून परत बसवला. तुम्ही शिकवलं होतं तसाच." तो थांबला. "पुसून झाल्यावर डोक्यात उजेड पडला. म्हटलं, ज्या हाताने तो बसवला तो हात चुकणारा नाही. मग... मग हा ठसा कशाला? आणि मी तर तो पुसून बसलोय. परत यायला एकच कारण मिळालं होतं, तेही सवयीने चकचकीत करून टाकलं."

तिला हसू यायला लागलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले. चौकटीआड दोन्ही नीट दिसलं नसावं, अशी तिने आशा केली.

"मग आला का नाहीत?"

"वाटलं, खरंच चुकून लागला असेल. उगाच हरभऱ्याच्या झाडावर चढू नये माणसाने. रोज संध्याकाळी गाडीभोवती फेरी मारतो, एखादा तरी दिवा गेला असेल म्हणून. एकही जात नाही. तुमचं काम फार चांगलं आहे, हीच माझी तक्रार आहे."

बाहेरून मालकांनी हाक मारली. शाखेचं काय ते आज सांग, म्हणाले, तिकडच्या लोकांना कळवायचंय. सांगतो, असं तो म्हणाला, पण उठला नाही. त्याने हातातलं भिंग चौकटीत सरकवलं.

"नीट बघून सांगा," तो म्हणाला. "एक... मी जातो." त्याने भिंग बदललं. "दोन... मी राहतो."

दुसऱ्या भिंगातून तो लख्ख दिसला. घड्या घातलेली बाही, नाकाच्या शेंड्यावरचा चष्मा, आणि श्वास धरून बसलेला चेहरा. बाबांचं वाक्य तिला आठवलं. थांब म्हणायचं असतं. दिव्याला मध्ये घालायचं नसतं.

"थांब," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा त्याला 'तू' म्हणाली. "जाऊ नकोस."

"म्हणजे दोन?"

"दोन."

"पुन्हा एकदा दाखवून खात्री करू? नियम आहे आमचा."

"कितीही वेळा दाखव," ती म्हणाली, "मला हेच दिसणार आहे."

तो उठला आणि मालकांना सांगायला गेला. बाहेरून तिला त्याचा आवाज ऐकू आला, शांत आणि ठाम. मग मालकांचं आश्चर्य ऐकू आलं. मग कोणीतरी हसलं. ती जड चौकट नाकावर घेऊन तशीच बसून राहिली. ती स्वतः काढायची की तो येऊन काढेल, हे तिला माहीत नव्हतं. पण तिला घाई नव्हती.