वटवट्याचा ठेका

मामाचा वटवट्या सलग तीन हिवाळे आला नव्हता. चिमणीहून लहान, मातकट रंगाचा, पण दरवर्षी हजारो मैल उडून या दलदलीत उतरणारा पाहुणा! त्याचा एक भाऊबंद दिसायला हुबेहूब तसाच, त्यामुळे आवाजावरूनच काय तो ओळखायचा. मामाने उभं आयुष्य हे पक्षी मोजण्यात घालवलं होतं. आजचा शोध शेवटचा. सापडला नाही, तर ‘येणं बंद’ असं लिहून तो सगळ्या वह्या बासनात गुंडाळणार होता.

“तू शिलाई मशीन दुरुस्त करणारी. तुझं काय काम इथे?” तो कुरकुरला.

“होडी बुडाली तर तुला बाहेर कोण काढणार?”

तासाभरातच होडी पाणवेलींत अडकली. मी वेली कापल्या. पुढे होडी ढकलायचा बांबू चिखलात रुतला आणि ओढताना मोडला! वाऱ्याने आम्हाला बोरूच्या उंच गवताच्या दाटीत ढकललं. तळाची फळी उचकटली. पाणी आत!

“उपस!” मामा ओरडला.

मी डब्याने उपसलं. पुन्हा उपसलं. मामाने आपली लाडकी टोपी फटीत कोंबली आणि वर स्वतःच बसकण मारली. पाणी थांबलं!

“मामी उगाच माझ्या वजनाला नावं ठेवते,” तो म्हणाला.

वारा पडला. तेवढ्यात अगदी हाताच्या अंतरावर, बोरूत, एक बारीक आवाज आला. एक लांब, दोन आखूड.

“मामा, हा कोण ओरडतोय?”

“कुठे काय?”

आवाज पुन्हा आला. डावीकडून दुसऱ्याने उत्तर दिलं. मामा शांतपणे चष्मा पुसत होता.

पक्षी बहुधा येतच होते. मामाच्या कानांना एवढा बारीक आवाज कळेनासा झाला होता. हे त्याला सांगू कोणत्या तोंडाने? आणि न सांगावं, तर ज्या वहीत त्याने कधी एक खोटं अक्षर लिहिलं नाही, तिचा शेवटच खोटा होणार!

मशीनचा चुकलेला टाका मी कानाने पकडते आणि गिऱ्हाइकाला टेबलावर वाजवून दाखवते. मी मामाच्या पाठीवर बोट टेकवलं. पक्षी बोलला, तसं वाजवलं. एक लांब ओढ, दोन टिचक्या.

मामा ताठ झाला. “पुन्हा!”

मी पुन्हा वाजवलं.

“भाऊबंद नुसत्या टिचक्या मारतो. हा तोच!” त्याने घाईने चष्मा चढवला. “कधीपासून ओरडतोय?”

“वारा पडल्यापासून.”

मग त्याने वही काढली, तीन हिवाळ्यांच्या फुल्यांपुढे ‘मला ऐकू आला नाही’ असं लिहिलं आणि नाक पुसलं.

“चल, वाजव. किती आहेत ते मोजू.”

अकरा निघाले! हातांनी पाणी कापत आम्ही काठ गाठला. तोवर मामाने पाठ माझ्याकडेच ठेवली होती, न जाणो आणखी एखादा बोलला तर!