शतपावलीचा बोगदा

"पाणक्या, तू नानांच्या बोगद्यात का जात नाहीस?" अन्विताने विचारलं.

"असा बोगदा नाही," पाणक्या शांतपणे म्हणाला.

पाणक्या म्हणजे चांद्रवस्तीतल्या झाडांना पाणी घालणारं यंत्र. त्याच्या समोरच बोगद्याचं दार होतं. आत दुधीच्या वेलांनी माना टाकल्या होत्या.

हा बोगदा अन्विताच्या आजोबांनी, नानांनी आखला होता. स्वयंपाकघराच्या घुमटातून निघून पुन्हा तिथेच येणारा. चंद्रावर आलो म्हणून शतपावली सोडायची का, असं ते म्हणत. जेवण झालं की पाणक्याला स्वतः हाताला धरून तिथे नेत. गेल्या महिन्यात नाना गेले आणि वेलांचं पाणी थांबलं.

"दारासमोर उभा राहून दार नाही म्हणतो. शहाणाच आहे," अन्विता म्हणाली.

आईने पाणक्याचा नकाशा पडद्यावर आणला. "हा रेषा-आलेख (वाटांची टिंबं करून काढलेला नकाशा). यात घुमट नसतात. प्रत्येक बोगद्याचं एक टिंब. दोन बोगद्यांची टोकं एकाच घुमटात आली, की त्यांची टिंबं जोडायची. एका बोगद्यातून पुढे कुठल्या बोगद्यात जाता येईल, ते पाणक्याला यावरून कळतं."

"पण यात नानांचं टिंबच नाही."

आईने पाणक्याच्या सूचना उघडून वाचल्या. "वाटेची दोन्ही टोकं एकाच घुमटात दिसली, की आज्ञावलीला (यंत्राला दिलेल्या सूचनांना) वाटतं, लिहिताना चूक झाली. ती अशी वाट गाळून टाकते. पण ही चूक नाही. हा वळसा (निघाली तिथेच परतणारी वाट) आहे."

तिने नवं टिंब काढून शेजारच्या बोगद्यांच्या टिंबांशी जोडलं. पाणक्या लगेच आत गेला. एका फेरीत त्याला एकच बाजू जमे. डावीकडच्या वेलांना पाणी घालून तो बाहेर आला आणि भलत्याच बोगद्याकडे निघाला.

"अरे, उजवी बाजू कोण करणार?" अन्विता पडद्याकडे बघत राहिली. "आई, याचं शेवटचं टोक याच्याच पहिल्या टोकाशी येतं. मग नियमाने हे टिंब त्याचं त्यालाच जोडायला हवं ना?"

"जोड," आई बाजूला सरकत म्हणाली.

अन्विताने बोटाने टिंबापासून त्याच टिंबापर्यंत गोल रेघ ओढली. पाणक्या थबकला, वळला आणि पुन्हा आत शिरला.

"मंगळावरच्या नव्या वस्तीतले पाणकेही वळसे गाळत असतील?" अन्विताने विचारलं.

"तिथल्या लोकांना आजच हे कळवू."

"पण तिथे वळसा असेल का?"

"कुणी आखला तर असेल. तू आख," आई म्हणाली आणि पाणक्याच्या मागोमाग बोगद्यात गेली.